सपाट टोकाने देवनागरी: सुलेखनाचा छंद लावून घेताना

सुलेखन शिकायचे ठरले की बहुतेक जण प्रथम दुकानात जातात आणि सात-आठ निबांचा संच, तीन रंगांच्या शाईच्या बाटल्या व जाड कागदाची महागडी वही घेऊन येतात. यातील बरेचसे साहित्य पहिले काही महिने लागत नाही आणि संचातील निबा इंग्रजी अक्षरांसाठी कापलेल्या असतील, तर मराठी लिहिताना त्या अडचणच करतात. देवनागरीचे सौंदर्य मुख्यतः एका गोष्टीवर उभे आहे: लेखणीचे सपाट टोक कागदावर कोणत्या कोनात टेकते आणि तो कोन ओळ संपेपर्यंत टिकतो की नाही. ज्याला हा कोन सांभाळता आला, त्याचे अक्षर साध्या बोरूनेही देखणे उमटते; ज्याला तो सांभाळता आला नाही, त्याने वेलबुट्टी कितीही काढली तरी अक्षर डळमळीतच दिसते. म्हणून पुढील मार्गदर्शनात सजावटीला जवळजवळ जागा नाही आणि कोनाला मात्र थोडी जास्तच आहे.

आणखी एक फरक आरंभीच लक्षात घ्यावा. नाटकांच्या जाहिरातींतील किंवा मासिकांच्या मुखपृष्ठांवरील शीर्षके पाहून अनेकांना या कलेची गोडी लागते. कमल शेडगे यांच्यासारख्या कलावंतांनी घडवलेली ती अक्षरे रेखाटलेली असतात. त्यांची बाह्यरेषा आधी काढली जाते, दुरुस्त केली जाते आणि मग ती भरली जाते. सुलेखनात अक्षर लिहिले जाते, म्हणजे टोकाच्या एकेका ओढीतून त्याची जाडी-बारकी आपोआप तयार होते. रेखाटलेल्या अक्षराची नक्कल निबने करू गेल्यास हात अडखळतो आणि दोष आपल्या हाताचा आहे असे उगीच वाटत राहते.

टोकाचा कोन

सपाट टोकाची लेखणी कागदावर टेकवली की एक छोटी आडवी कड उमटते. इंग्रजी सुलेखनात ही कड डावीकडून उजवीकडे वर चढते. देवनागरीत ती उलट असते: कडेचे डावे टोक वर आणि उजवे टोक खाली, साधारण ४५ अंशांत. याचा परिणाम असा की वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारी तिरकी रेघ केसासारखी बारीक येते, तर वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे येणारी रेघ टोकाच्या पूर्ण रुंदीची येते. उभा काना आणि आडवी शिरोरेषा या दोन्ही सारख्याच जाडीच्या, म्हणजे टोकाच्या रुंदीच्या साधारण सात-दशांश, उमटतात. ‘द’ आणि ‘र’ यांच्या शेपट्या निमुळत्या होत जातात, त्या याच कारणाने. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी (धातूच्या अक्षरठशांनी) छापलेले एखादे जुने पुस्तक हाती आले, तर त्यातील ‘द’ मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून पाहावा. खिळे धातूचे असले तरी अक्षराची घडण बोरूची आहे, हे स्पष्ट दिसते.

नवी लेखणी हाती घेतल्यावर सर्वांत आधी एक फुली काढावी आणि तिच्या शेजारी एक अधिकचे चिन्ह काढावे. फुलीतील वर सांगितलेली एक रेघ बारीक आणि दुसरी भरदार आली, आणि अधिकच्या चिन्हातील दोन्ही रेघा सारख्या आल्या, तर कोन बरोबर आहे. फुलीतील बारीक आणि जाड रेघांची अदलाबदल झाली, तर निब इंग्रजी कापाची आहे. अधिकच्या चिन्हातील उभी रेघ जाड आणि आडवी बारीक झाली, तर टोक आडवे पडले आहे. शिरोरेषा जाड होऊन काने बारीक पडू लागले, तर टोक फार उभे झाले आहे. ही चाचणी केवळ पहिल्या दिवसापुरती नाही. रोज लिहायला बसताना पानाच्या कोपऱ्यात एक फुली काढण्याची सवय लावून घेतली, तर पुढची अर्धी वणवण वाचते.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याला हा कोन सरळ कापलेल्या निबने साधणे कठीण जाते, कारण मनगटाची स्वाभाविक ठेवण कडेला उलट दिशेने झुकवते. त्यावरचा उपाय म्हणून देवनागरीसाठी टोकच तिरके कापतात. लेखणीचे टोक आपल्यापासून दूर राहील अशी ती वरून पाहिली, तर डावा कोपरा लांब आणि उजवा कोपरा आखूड दिसला पाहिजे. पायलट पॅरलल पेनासारखे सरळ टोकाचे पेन जवळ असेल (ते १.५, २.४, ३.८ आणि ६ मिलिमीटर अशा रुंदींत मिळते), तर कोपर अंगालगत आणावे आणि कागदाची उजवी बाजू थोडी वर जाईल असा कागद फिरवून घ्यावा. ओळ वर चढत असल्यासारखे आरंभी वाटते, पण त्याची सवय होते. डावखुऱ्या व्यक्तीला मात्र येथे निसर्गाची साथ आहे: ओळीच्या खाली हात ठेवून लिहिले, तर सरळ कापाच्या निबनेही तिला देवनागरीचा कोन सहज मिळतो. तिला काळजी घ्यावी लागते ती एवढीच, की नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरावरून हात फिरू नये.

बोरू, शाई, कागद

हाती काहीच नसेल, तर दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधाव्यात आणि डावीचे टोक किंचित पुढे ठेवावे. दोन समांतर रेघांमधून अक्षर उमटते आणि टोकाच्या दोन्ही कडा कोठून कशा जातात, हे जितके या युक्तीने कळते तितके महागड्या निबनेही कळत नाही. पहिले काही दिवस केवळ याच जोडपेन्सिलीने लिहिले, तरी काही बिघडत नाही.

बोरू स्वतः कापायला शिकावे, असा माझा आग्रह आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, पूर्ण वाळलेला बोरूचा किंवा बारीक बांबूचा वीतभर तुकडा घ्यावा. धारदार चाकूने एका बाजूने लांबट तिरका काप देऊन आतला मऊ गर खरवडून काढावा, दोन्ही बाजू निमुळत्या करून टोकाची रुंदी तीन ते चार मिलिमीटर राखावी आणि मध्यभागी सुमारे एक सेंटिमीटर लांबीची चीर पाडावी, म्हणजे तिच्यातून शाई खाली उतरते. शेवटी टोक काचेच्या किंवा कडक लाकडाच्या तुकड्यावर टेकवून वर सांगितलेला तिरका काप एकाच दाबात द्यावा. काप दोन-तीन प्रयत्नांत दिला, तर कड दातेरी होते आणि रेघेच्या बाजू फाटक्या येतात. चाकू बोटांकडे ओढू नये, नेहमी अंगापासून दूर चालवावा. लहान मुलांना बोरू कापून द्यावा, कापायला देऊ नये. लिहून झाल्यावर बोरू धुऊन आडवा वाळवावा. टोक बोथट झाले की वरचा किंचित भाग कापून तो पुन्हा ताजा करता येतो.

पूर्वी दिव्याचे काजळ आणि डिंक घोटून शाई करीत. आज सरावासाठी पातळ केलेला काळा पोस्टर कलर पुरतो. त्यात डिंकाच्या पाण्याचे दोन-चार थेंब घातले, तर तो कागदावर पसरत नाही. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पाठवायच्या कामासाठी उत्तम, मात्र ती फाउंटन पेनात किंवा शाईची नळी असलेल्या कोणत्याही पेनात कधीही भरू नये, कारण ती आत वाळली की पेन कायमचे बंद पडते. बोरू दौतीत पूर्ण बुडवू नये. टोक अर्धा सेंटिमीटर बुडवून दौतीच्या कडेला टेकवावे आणि पहिली रेघ नेहमी रद्दी कागदावर ओढावी.

कागदाची परीक्षा सोपी आहे. एक जाड रेघ ओढून ती वाळल्यावर कडेला केसाळ धागे फुटले आहेत का, हे पाहावे. वर्तमानपत्राच्या जातीचा कागद शाई पितो, छपाईचा गुळगुळीत आर्ट पेपर ती वर तरंगत ठेवतो. सरावाला साधा, किंचित खरखरीत कार्ट्रिज पेपर सर्वांत चांगला. हातकागदाचे आकर्षण सर्वांनाच असते आणि पुण्याची हातकागद संस्था त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, पण प्रत्येक हातकागद लिहिण्याजोगा नसतो. ज्यावर खळ चढवलेली नाही असा कागद टिपकागदासारखा वागतो, म्हणून खरेदीपूर्वी कोपऱ्यात थेंबभर पाणी टाकून ते किती वेळ वर राहते, हे पाहायला दुकानदाराची परवानगी मागावी.

रेघांपासून अक्षरांकडे

पानावर रेघा आखताना सेंटिमीटरचे माप बाजूला ठेवून टोकाच्या रुंदीचे माप वापरावे. टोक उभे धरून एकावर एक पाच ठोकळे उमटवले की मूळ अक्षराची उंची मिळते. मात्रा, वेलांट्या व रफार यांच्यासाठी शिरोरेषेच्या वर तीन ठोकळे आणि उकारांसाठी खाली तीन ठोकळे सोडावेत. तीन मिलिमीटरच्या बोरूने असे आखले, तर ए-फोर आकाराच्या पानावर सातच ओळी मावतात. एवढे मोठे लिहिणे कागदाची उधळपट्टी वाटते, पण लहान अक्षरात चुका लपतात आणि सरावाचा हेतू त्या दिसाव्यात हाच असतो.

प्रथम उभ्या रेघा, आडव्या रेघा, दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेघा, डावा अर्धगोल आणि उजवा अर्धगोल एवढेच लिहावे. सपाट टोक ओढायचे असते, ढकलायचे नसते, म्हणून पूर्ण गोल कधी एका दमात काढू नये. ‘ठ’चे पोट लिहिताना वरून आरंभ करून डावा अर्धगोल खाली आणावा, मग पुन्हा वरून आरंभ करून उजवा अर्धगोल त्याला मिळवावा. घड्याळाच्या तबकडीवर जेथे एक आणि सात वाजतात, तेथे गोलाची रेघ बारीक आणि दहा व चार वाजतात तेथे ती जाड आली पाहिजे. दोन अर्धगोलांचा सांधा बारीक जागी येतो, त्यामुळे तो दिसत नाही. सांधा दिसू लागला, तर कोन बदलला आहे असे निश्चित समजावे.

त्यानंतर अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न घेता आकारांच्या घराण्यांनी घ्यावीत. ‘व’ बसला की त्यात तिरपी रेघ भरून ‘ब’ होतो आणि त्याच पोटाला उजवीकडे वळण जोडले की ‘क’ होतो. ‘प’ साधला की ‘ष’ आणि ‘फ’ फार दूर नसतात. ‘ग’, ‘म’, ‘न’, ‘भ’ यांच्या गाठी एकाच आकाराच्या राहतात की नाही, हे पाहण्यासाठी ती चार अक्षरे एका ओळीत आलटून पालटून लिहावीत. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’, ‘द’, ‘ह’ यांना पूर्ण लांबीचा काना नसतो. ती शिरोरेषेखालच्या छोट्या दांडीला लटकतात, म्हणून या घराण्याचा सराव पूर्ण काना असलेल्या अक्षरांना शेजारी बसवूनच करावा. नाही तर ती ओळीत बुटकी किंवा लोंबती दिसतात.

मराठी लिहिणाऱ्याने ‘ल’ आणि ‘श’ यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. बाजारात मिळणारे अनेक नमुने हिंदी वळणाचे असतात आणि ते गिरवता गिरवता आपला दोन पाकळ्यांचा ‘ल’ हातातून निसटतो. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेसंबंधी काढलेल्या निर्णयात या दोन्ही अक्षरांची मराठी वळणे प्रमाण मानली आहेत. कित्ता निवडताना ती आहेत का, हे पाहून घ्यावे. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ ही तर खास आपली मिरासदारी. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ हे शब्द एका ओळीत आणि ‘आचार्य’, ‘सूर्या’ हे दुसऱ्या ओळीत लिहून पाहावेत, म्हणजे आडवा अर्धा ‘र’ आणि वरचा रफार या दोघांना किती वेगळी जागा लागते, ते समजते.

शिरोरेषा केव्हा ओढावी, याबद्दल सुलेखनकारांत एकमत नाही. काही जण प्रत्येक अक्षरासोबत ती ओढतात, काही जण शब्द पुरा झाल्यावर. नवख्याने शब्द पुरा करून मग ती ओढावी असे मला वाटते, कारण तोपर्यंत अक्षरांमधील अंतर उघडे दिसते आणि सुधारता येते. ओढताना ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांच्यापाशी हात आवरावा लागतो. या तिन्ही अक्षरांच्या डाव्या भागावर शिरोरेषा जोडलेली नसते आणि त्या एवढ्याशा फटीवरच ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांचा भेद टिकून असतो. लांबलचक एकसंध रेघ ओढण्याच्या उत्साहात ‘धन’चे ‘घन’ झालेली कितीतरी सुंदर पत्रे पाहायला मिळतात.

मोकळी जागा

अक्षर कळू लागले की दोन अक्षरांमधील जागा खुपू लागते आणि ती खुपणे हे प्रगतीचे लक्षण आहे. प्रत्येक जोडीत पट्टीने मोजून समान अंतर ठेवल्यास ओळ सारखी दिसत नाही. ‘न’ आणि ‘म’ शेजारी आले की दोन उभ्या रेघा जवळ येतात, तर ‘ट’ आणि ‘र’ शेजारी आले की शिरोरेषेखाली मोठी पोकळी राहते. म्हणून पहिल्या जोडीत अंतर वाढवावे आणि दुसऱ्या जोडीत कमी करावे. पान उलटे धरून पाहिले, तर शब्दाचा अर्थ डोळ्यांना भुलवत नाही आणि काळ्या-पांढऱ्याचा तोल चटकन ध्यानात येतो. ‘ख’ लिहिताना त्याच्या दोन भागांत जास्त फट राहिली की तो ‘रव’ वाचला जातो. ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांचा घोळ लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर झाला, तर तो निस्तरणे महागात पडते. ‘ग’ आणि ‘ण’ यांचा काना मूळ भागापासून किती दूर असावा, हेही याच कसोटीवर ठरवावे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे आणि त्यातील सूचना आजही नुसत्या अनुसरल्या तरी पुरेशा आहेत. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. पहिले अक्षर ज्या वळणाचे निघाले, त्याच वळणाचे शेवटचे असावे, म्हणजे सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटेल. कागदाच्या भोवताली जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. यातील शेवटची सूचना हौशी सुलेखनकार सर्वांत जास्त वेळा मोडतात. पान भरून टाकण्याचा मोह आवरून चारही बाजूंना निदान दोन बोटे समास सोडावा, तळाशी त्याहून किंचित अधिक. तुकड्याला चौकट करायची असेल, तर चौकटीच्या पट्टीखाली जाणारी जागा वेगळी धरावी.

सरावाला मजकूर कोणता घ्यावा, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. महिनाभर एकच ओवी किंवा एकच अभंग लिहावा. दररोज नवी ओळ घेतली की लक्ष शब्दांकडे जाते आणि अक्षर मागे पडते. रोज वीस मिनिटे बसणे हे रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा अधिक फळ देते, कारण थकलेले मनगट पहिल्यांदा कोनच सोडते. प्रत्येक पानावर दिनांक, टोकाची रुंदी आणि शाई यांची नोंद कोपऱ्यात करून ठेवावी.

रोजचे अक्षर आणि मोडी

सुलेखन जमू लागले म्हणून बॉलपेनचे अक्षर आपोआप सुधारत नाही. त्यासाठी स्वतःच्या हातचे एखादे घाईत लिहिलेले पान, किराणा मालाची यादीसुद्धा चालेल, घेऊन जी अक्षरे वाचताना अडखळायला होते त्यांच्याभोवती गोल करावेत. त्यातील तीनच अक्षरे निवडून ती दुरेघी वहीत हळू घोटावीत आणि मग एकेरी वहीत त्याच अक्षरांनी भरलेली वाक्ये नेहमीच्या वेगाने लिहावीत. वेग वाढवताना शिरोरेषा सोडून द्यायला हरकत नाही. अनेकांचे रोजचे अक्षर तिच्यावाचून अधिक नेटके दिसते. पण काने समांतर राहिले पाहिजेत, कारण दुरून पाहताना अक्षर चांगले की वाईट, हे डोळा त्यांच्यावरूनच ठरवतो.

ज्यांना वेगवान लेखनाची ओढ आहे, त्यांनी देवनागरीचा हात बसल्यावर मोडीकडे वळावे. मोडीत शिरोरेषा आधी पानभर आखली जाते आणि अक्षरे तिला खालून जोडत, हात शक्यतो न उचलता लिहिली जातात. त्यामुळे देवनागरीत ठरलेली ओढींची रीत येथे उलटी होते आणि दोन्ही लिप्या एकाच वेळी शिकू पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणे एकमेकांपासून वेगळी आहेत. कोणते वळण गिरवायचे, हे आधी ठरवून त्याच काळातील कागदाचा नमुना समोर ठेवावा. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि काही इतिहास-संस्था मोडीचे वर्ग घेतात. सुलेखनकार अच्युत पालव यांनी उमेदवारीच्या काळात मोडीचा अभ्यास केला आणि तिच्यातील वेग आपल्या देवनागरीत आणला. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम पाहताना त्या मोकळ्या फटकाऱ्यांमागे घोटून घेतलेली बाराखडी आहे, हे विसरू नये. संगणकावर अनेक वर्षे सर्वांच्या नजरेखाली असलेला ‘मंगल’ हा फॉन्टही र. कृ. जोशी या सुलेखनकाराच्याच हातचा आहे.

देवाणघेवाण

एकट्याने केलेल्या सरावात काही महिन्यांनी साचलेपण येते, म्हणून चार-सहा जणांचा गट जमवावा. त्यासाठी सर्वांत चांगली रीत फिरत्या वहीची. एक वही टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते, प्रत्येक जण तीच ठरलेली ओळ आपल्या वळणाने लिहितो आणि आधीच्या पानाखाली पेन्सिलीने एक शेरा देतो. मजकूर तोच असल्यामुळे तुलना अक्षराचीच होते. वही फिरवणे जमत नसेल, तर पोस्टकार्डे पाठवावीत. पोस्टकार्डाचा कागद शाई बरी धरतो आणि एवढ्याशा जागेत ओळ मांडण्याची शिस्त लागते. जून ते सप्टेंबर या काळात मात्र पाण्याने फुटणारी शाई वापरू नये आणि पत्ता कोणत्याही परिस्थितीत साध्या, वाचनीय अक्षरात लिहावा. पिनकोडाचे आकडे सुलेखनात काढण्याची हौस टपाल खात्याच्या माणसावर अन्याय करणारी आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी मित्रांना पाठवायचे असेल, तर कार्ड पाकिटात घालून पाठवावे, म्हणजे शिक्क्यांच्या शाईपासून अक्षर वाचते.

छायाचित्र पाठवायचे असल्यास पान खिडकीजवळ सपाट ठेवावे, उजेड एका बाजूने येऊ द्यावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि मोबाइल पानाला समांतर धरावा. तिरका धरला, तर पाहणाऱ्याला कोनाची चूक तुमची की कॅमेऱ्याची, हे कळत नाही. स्कॅन करताना ३०० डीपीआय पुरते, अक्षर फार बारीक असेल तर ६०० ठेवावे. पुरे झालेल्या तुकड्यासोबत त्याच्या आधीचे एक बिघडलेले पानही पाठवावे. सुधारणेची सूचना त्या पानावरूनच मिळते, नीट जमलेल्या तुकड्यावर लोक केवळ ‘सुरेख’ एवढेच म्हणतात.

कोणाचा कित्ता गिरवला असेल, तर त्याचे नाव खाली लिहावे आणि मजकूर ज्याचा असेल, त्याचेही. संतांच्या ओव्या आणि अभंग कोणीही लिहावेत, विकावेत. आधुनिक कवितेबाबत भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क चालू असतो, म्हणून घरच्या भिंतीसाठी लिहिणे आणि भेटकार्डे छापून विकणे यांत फरक करावा आणि दुसऱ्या प्रकारासाठी परवानगी मागावी. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी शाळा किंवा ग्रंथालयात फलक लिहायला बोलावले, तर आधी मजकूर कागदावर लिहून शुद्धलेखन जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. अक्षरात गुंतलेल्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत.

दुसऱ्याच्या अक्षरावर मत देताना ‘छान’ किंवा ‘आणखी सराव हवा’ असे लिहिण्यापेक्षा एक अक्षर निवडून त्याविषयीच बोलावे: तिसऱ्या ओळीतील ‘भ’ची गाठ पहिल्या ओळीपेक्षा मोठी आली आहे, ‘ण’चा काना दूर गेला आहे, शेवटच्या शब्दापाशी शिरोरेषा जाड झाली आहे. शिरोरेषा शेवटी जाड होत असेल, तर बहुधा हात कागदाच्या उजव्या कडेकडे सरकताना मनगट वळते आहे. त्याला हात आहे तेथेच ठेवून दर दोन शब्दांनंतर कागद डावीकडे सरकवायला सांगावे आणि पुढच्या खेपेला तीच ओळ पुन्हा मागवून घ्यावी.